नोटेच्या नंबरावरचं कुंकू

प्रिय ईरा आणि निषाद,

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला माझ्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. लोकांसाठी लिहायला बसले की माझी भाषा सरकारी अर्जासारखी होते, म्हणून हे मी तुम्हा दोघांना लिहिते आहे. अंकाच्या वाचकांनी मागे उभं राहून वाचलं तरी माझी हरकत नाही. तुम्हाला जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

निमित्त निषादचंच आहे. मागे त्यानं मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. दहा रुपयांची नोट, शेवटी ७८६, आणि खाली ‘मिळवा पाच लाख’. “आजी, हे तुझंच काम ना? मग तू श्रीमंत का नाहीस?” असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबलचक आहे.

मी मूळची सांगलीची. इंग्रजी घेऊन एम. ए. केलं आणि लग्न होऊन साताऱ्यात आले ती वह्या-पुस्तकांच्या दुकानात. माझ्या सासऱ्यांना जुन्या नोटांचा नाद होता. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांचं काचेचं कपाट होतं आणि त्यातल्या नोटांची चौकशी करणारी इंग्रजी पत्रं परदेशातून येत. सासरे ती पत्रं उत्तराशिवाय ठेवत, कारण इंग्रजी वाचायचे ते चांगलं, पण लिहायला बिचकायचे. मी उत्तरं लिहू लागले. उत्तर लिहायचं तर नोट नीट बघावी लागते, नोट बघता बघता कपाट आवरावं लागतं, आणि मला आवरायची खोड आहे हे तुम्हाला माहीत आहेच. दोन-तीन वर्षांत कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. आज दुकान तुमचा मामा बघतो. कपाट अजून माझं आहे.

आता धंदा समजावून सांगते. नोटेवर जी रक्कम छापलेली असते ती सगळ्यांसाठी असते. तिच्याहून जास्त पैसे एखादा माणूस देतो तो तीन गोष्टींसाठी. नंबर, चूक आणि कोरेपणा.

आपल्या नोटेवर आधी मालिकेची अक्षरं-आकडे असतात आणि मग सहा आकडी नंबर. तो रोजच्यासारखा ओबडधोबड असेल तर नोट भाजी आणायला वापरायची. पण सहाही आकडे एकच असतील, किंवा एक-दोन-तीन असे चढत गेले असतील, किंवा डावीकडून आणि उजवीकडून सारखेच वाचता येत असतील, तर हौशी माणूस थांबतो. कधी मालिकेच्या आणि नंबराच्या मध्ये एक बारीकशी चांदणी दिसते. छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट. मध्यंतरी लोकांनी ‘चांदणीवाली नोट खोटी’ अशी आवई उठवली आणि आमचा भाजीवाला ती घेईना. मी त्याला म्हटलं, “दे मला, मी घेते.” तेव्हापासून तो चांदण्या माझ्यासाठी बाजूला ठेवतो आणि बदल्यात मी कोथिंबिरीवरून घासाघीस करत नाही.

सहा आकडे म्हणजे जन्मतारीखसुद्धा होते. दिवस, महिना, साल. साताऱ्याच्या कॉलेजातला एक मुलगा आला, लाजत लाजत एका तारखेची नोट मागितली. मी शोधून, बऱ्याच खटपटीनं मिळवून दिली. काही दिवसांनी परत आला.

“काकू, ही परत घ्या की. दुसरी द्या.”

“का रे, फाटली?”

“न्हाई. तारीख बदलली.”

मी नोट परत घेतली आणि त्याला सांगितलं की पुढची तारीख पक्की झाल्याशिवाय येऊ नको. त्यानं ते मनावर घेतलं असावं. नंतर तो दिसला तो थेट बारशाच्या पेढ्यांसह, आणि या वेळी बाळाची तारीख हवी होती.

७८६ वाला नंबर मुसलमान कुटुंबांत शुभ मानतात. मिरजेचे एक चाचा वर्षानुवर्षं माझ्याकडून अशा नोटा घेतात आणि नातवंडांना ईदीला देतात. पहिल्यांदा मी किंमत सांगितली तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. “किंमत नको म्हणू बेटी, हदिया म्हण.” पवित्र वस्तूचं मोल करायचं नाही, ते नजराणा म्हणून द्यायचं, अशी त्यांची रीत. तेव्हापासून आमच्यात तो शब्द चालतो. तो हदिया म्हणजे नोटेवर थोडे वरचे पैसे. पाच लाख नव्हेत, निषाद. अशा नोटा हजारांनी छापल्या जातात. जाहिरातवाला नोट विकत घेत नसतो. तो आधी नोंदणीची फी मागतो, मग कराची, मग पोस्टेजची, आणि मग त्याचा फोन लागत नाही.

आता चूक. छापखाना म्हटला की चुका आल्याच. कधी नंबर उमटतच नाही, कधी एकाच नोटेवर दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर येतात, कधी एका बाजूची छपाई दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी उलटी उमटते. तपासणीत अशा नोटा सहसा अडवतात. एखादी निसटते आणि आमच्या धंद्यात तिचं कौतुक होतं. शाळेत चुकीला लाल शाई लागते हे मी शिकले आणि दुकानात चुकीला चढा भाव लागतो हे. काही महाभाग रबरानं किंवा औषधानं नंबर खोडून ‘बिननंबरी’ नोट घेऊन येतात. नोट तिरकी धरून उजेडात बघायची. खोडलं असेल तिथे कागदाला लव उठलेली दिसते. मी फक्त भिंग त्यांच्या हातात देते. ते बघतात आणि म्हणतात, “मित्राची आहे, मला काय माहीत.” या मित्राला भेटायची माझी फार इच्छा आहे.

पण खऱ्या चुकीचा मला बसलेला सगळ्यात मोठा चटका वडूजच्या एका शिंप्यानं दिला. गोड माणूस, गळ्यात टेप. त्यानं शंभराची एक नोट काढून टेबलावर ठेवली.

“बाई, ही नोट आली तवा हिला कोपऱ्याला जादा कागद व्हता. बाहेर आलेला, असा पंखावानी.”

मी खुर्ची पुढे ओढली. छापखान्यात कागदाचा कोपरा दुमडून राहतो, त्या दुमडीसकट नोट कापली जाते, आणि घडी उलगडली की नोटेला जादा कागदाचा पंख फुटतो. याला संग्राहक फुलपाखरू म्हणतात. मी तोवर ते फक्त चित्रात पाहिलं होतं.

“व्हता म्हणजे?” मी विचारलं. घाईत माझंही व्याकरण वडूजचं झालं.

“व्हता म्हंजे, दुकानदार घेईना. मग कात्रीनं सरळ करून घेतली. बघा की, सूतभर बी वाकडी न्हाई.”

खरंच नव्हती. आयुष्यात इतकी सुबक कापलेली नोट मी पाहिलेली नाही. मी विचारलं, कापलेला तुकडा तरी?

“आवं, शिवणीबाहेर आलेलं कोन ठेवतंय? गेला चिंध्यांत.”

तुकडा असता तरी उपयोग नव्हता, पण माणूस विचारतो. मी त्याला चहा पाजला आणि समजावलं. त्यानं डोक्याला हात लावला, मग स्वतःच हसला. “आमच्या हाताला सवयच वंगाळ हाय,” म्हणाला. पुढे त्यानं माझ्या कपाटाला मखमलीचं अस्तर शिवून दिलं, तेही सूतभर वाकडं नाही.

म्हणजे तिसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. कोरेपणा. नोटेला घडी नको, डाग नको, शाई नको, इस्त्री नको, आणि कुणाचीही मदत नको. आपल्याकडे लोकांना मदत केल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी बँकेत नोटांच्या गड्ड्यांना पिना मारत, त्यामुळे जुन्या कोऱ्या नोटेलाही दोन बारीक भोकं असतातच. इंग्लंडच्या एका गृहस्थानं मला कळवलं होतं की तुमच्या नोटेला कीड लागलेली दिसते. मी उत्तर लिहिलं की महाशय, ही कीड नसून आमच्या कॅशिअरसाहेबांची सही समजावी. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते भोकांची नोटच मागू लागले.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं सांगितलं त्याकडे येते. गेल्या चैत्रातलीच गोष्ट.

कोरेगावजवळच्या एका गावातून दोन भाऊ आले. थोरला तानाजी, घरचा ऊस बघणारा. धाकटा शहाजी, फौजेतून हवालदार होऊन नुकताच परतलेला. दोघं वेगवेगळ्या मोटारसायकलींवर आले आणि माझ्यासमोर दोन स्टुलं ठेवलेली असतात ती दोघांनी उचलून आणखी लांब लांब ठेवली. त्यांची आई यष्टीनं आली. एकाच्या गाडीवर बसावं तर दुसऱ्याला राग, असं तिनंच मला नंतर सांगितलं. बारीक अंगाची, कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. सगळे तिला आक्का म्हणत.

हकिगत अशी. त्यांचे वडीलही फौजी. त्यांच्या पगारात एकदा शंभराची कोरी नोट आली, नंबर सहाच्या सहा सात. त्यांनी ती घरी आणून देवघरात ठेवली आणि दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडायची पद्धत पडली. वडील गेले. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, भांडी वाटली, भांडण कुठेच झालं नाही. मग तानाजीनं जाहिरात पाहून फोन लावला आणि समोरच्यानं वीस लाख सांगितले.

“तवापास्नं घरात येकमेकाला पाणी दिलं न्हाई यांनी,” आक्का म्हणाली.

“मी इतकी वर्सं पूजा केली,” तानाजी माझ्याकडे बघत म्हणाला. “नोट माझ्या देव्हाऱ्यात हाय.”

“आन् आणली कुणी? आमच्या बानं. फौजेच्या पगारात. ह्यो कवा गेलाय फौजेत?” शहाजीसुद्धा माझ्याकडेच बघून बोलला. मी मधल्या भिंतीसारखी बसले होते.

“तुमाला पेन्शन हाय की, पेन्शनवाले! आमाला ऊसच हाय.”

“मग काय तुझा ऊस जळलाय व्हय?”

“ए, गप्प बसा दोघं बी,” आक्का म्हणाली. “बाईंच्यापुढं तरी लाज धरा. म्हैन्याभरानं घरात लगीन हाय.” मग मला म्हणाली, “थोरल्याच्या पोरीचं. आन् धाकटा म्हणतोय, नोटंचा निकाल लागल्याबिगर मांडवात पाय ठेवत न्हाई. चुलता न्हाई मांडवात, काय म्हणतील लोकं?”

मी हात धुऊन, पुसून आले आणि चपट्या टोकाचा चिमटा काढला. तानाजीनं देव्हाऱ्यातून तसंच उचलून आणलेलं पाकीट खिशातून काढून उघडलं.

नोट चार घड्यांची होती. कडेनं दिवाळीचे जुने हळदीकुंकवाचे ठिपके, वाळून तपकिरी झालेले. एका ठिपक्यात तांदळाचा दाणा अजून चिकटलेला. इथपर्यंत मला अपेक्षाच होती. पण मग नंबर बघितला आणि तो दिसेना. लालभडक, अंगठ्याएवढं कुंकू, आकड्यांवर दाबून लावलेलं.

“हे काय?” तानाजी ताडकन उठला. “हे नव्हतं! आवं म्याडम, फोनवाल्याला फोटो पाठवला तवा नव्हतं!” त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. खरंच नंबर स्वच्छ होता. “त्यो मला पहिलं ह्येच इचारत व्हता, नंबरावर डाग हाय का, डाग असला तर सौदा न्हाई. स्पीकरवर सगळ्या घरानं ऐकलंय.” आणि तो भावाकडे वळला. “ह्येचंच काम. मला न्हाई तर तुला बी न्हाई, आसं व्हय रं?”

“मी? तुझ्या देव्हाऱ्याला मी हात लावला?” शहाजीही उठला. “तुझ्या बायकूला इचार. पूजा तीच करती न्हवं?”

“माझ्या बायकूचं नाव घ्यायचं न्हाई!”

दुकानात वह्या घ्यायला आलेली दोन माणसं दाराशी थांबली. आता हे दोघं माझ्या कपाटावर पडणार असं मला वाटलं.

“म्या लावलंय,” आक्का म्हणाली.

दोघं थांबले.

“पाडव्याला लावलं. तुमी दोघं बी भांडून रानात गेलासा. सणाला लक्ष्मी तशीच, बिनकुंकवाची. कुणीतरी लावाय नगं? म्या लावलं.” तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “का? म्या लावायचं न्हाई?”

विधवा आईला ‘तू कुंकवाला हात का लावलास’ असं म्हणायची कुणाची छाती होती? तानाजी खाली बसला. शहाजी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

मी नोट नाकाजवळ नेली. नोटांचा वास घ्यायची माझी सवय आहे, वासानं ओल कळते. या नोटेला खोबरेल तेलाचा वास येत होता. पूजेचं कुंकू कोरडं असतं, फार तर पाण्याचं बोट. हे तेलात कालवलेलं होतं, म्हणजे कागदात आरपार मुरलेलं. नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, आणि कुंकू दोन्ही ठिकाणी होतं. एकावर नेमकं पडलं तर योगायोग म्हणता आला असता. मी आक्काकडे पाहिलं. ती पदराचं टोक हातात धरून माझ्याकडेच बघत होती आणि तिच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला लाल रेघ होती.

मला विचारली होती ती किंमत. ती मी सांगितली.

“फोनवाला चोर आहे. तुम्ही फी भरलीत का?”

“अजून न्हाई. पंचवीस हजार मागतोय. सोमवारी भरणार व्हतो.”

“भरू नका. वीस लाख कुठेच नव्हते. कोरी असती तर हिला चांगले हजारो रुपये आले असते, नंबर सुरेख आहे. घड्या आणि जुने ठिपके धरून फोटोत होती तशी असती, तरी हौशी माणसानं थोडेफार हजार दिले असते. आता आहे तशी...” मला सांगताना जिवावर आलं, कारण सहा सत्ते माझ्याही हातात रोज येत नाहीत. “आता आहे तशी शंभराची नोट आहे. मी दोनशे देईन, ते तुम्ही लांबून आलात म्हणून.”

 मग शहाजीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता.

“दोनशे! वाटणी कर रं दादा. शंभर तुला, शंभर मला.”

“आन् माझं पेट्रोल?” तानाजी म्हणाला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो भावाशी न भांडता बोलला होता. “दीडशेचं पेट्रोल जाळलंय मी हितवर यायला.”

“मग दोन गाड्या कशाला काढल्या, येड्या?”

“तू बसला असतास व्हय माझ्या मागं?”

“इचारलंस का?”

 शहाजीनं मला विचारलं, पेट्रोलनं डाग निघेल का, फौजेत वर्दीवरचे तेलाचे डाग तसेच काढत. मी म्हटलं, नोटा धुऊन देणारे लोक असतात म्हणतात, पण मी त्या वाटेला जात नाही. तो ‘राहू दे’ म्हणाला. दोघं उठले. नोट तानाजीनं उचलली, जरा घुटमळला आणि आईच्या हातात दिली. पायऱ्या उतरताना ते लग्नाच्या मांडवाला किती कळकाचे खांब लागतील यावरून वाद घालत होते, पण तो वाद एकमेकांच्या तोंडाकडे बघून चालला होता.

आक्का मागे राहिली. ते दोघं गाड्यांपाशी पोचेपर्यंत तिनं वाट बघितली, मग टेबलाशी आली.

“बाई, ती धुवून देनारी मान्सं कुठं असत्यात?”

“का हो?”

“न्हाई, धाकट्याच्या डोस्क्यात येकदा शिरलं की निघत न्हाई. त्यांनी धुतलं तर ह्यो डाग निघंल?”

“कुंकवाबरोबर नंबरही जाईल. तेल आरपार गेलंय, आक्का.”

“नक्की?”

“नक्की.”

“ब्येस झालं,” ती म्हणाली. तिनं नोट पदरानं हलकेच पुसली, नीट चार घड्या घातल्या, कनवटीला लावणार तोच तिची नजर काचेच्या कपाटात गेली. तिथे माझ्या कोऱ्या नोटा पारदर्शक कव्हरांत उभ्या होत्या.

“त्या पिशव्या कशापायी?”

“नोट आहे तशी राहावी म्हणून. हवा लागत नाही, घासली जात नाही.”

तिनं घडी परत उलगडली आणि नोट माझ्यापुढे ठेवली.

“मग हिला बी घाला. कुंकू जाया नगं.”

मी माझ्याकडचं सगळ्यात जाड कव्हर काढलं.